हृदय थांबले तर कोठे न्यावे?

आमच्या खानदेशात कोणी कोसळले, की ‘अटॅक आला’ म्हणून सारे मोकळे होतात. मी मराठीचा प्राध्यापक. शब्दांचा घोळ मला खपत नाही, आणि येथे तर तो जिवावर बेततो. हृदयविकाराच्या झटक्यात रक्तवाहिनी तुंबते. माणूस बहुधा शुद्धीवर असतो. हृदयच बंद पडले, की शुद्ध हरपते, श्वास थांबतो. मग मदतीवाचून मिनिटागणिक जगण्याची आशा शेकडा ७ ते १० ने घटते.

१९६६ साली डॉ. पँट्रिज यांनी बेलफास्टमध्ये हृदयोपचारांची गाडीच रोग्याच्या दारी धाडली. पुढे पाश्चात्त्य देशांत अशा रोग्यांसाठी ठरावीक रुग्णालये नेमली गेली. तुंबलेली रक्तवाहिनी तेथे रात्रीबेरात्रीही उघडता येते. म्हणून गाडी वाटेतले दवाखाने सोडून थेट तेथेच जाते.

धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, २०१८ पासून जळगावलाही आहे. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे. पण चोपड्याचा किंवा साक्रीचा रोगी मध्यरात्री नेमका कोठे न्यायचा, हे आधीच ठरलेले आणि घरोघरी ठाऊक असायला हवे. चार दारे ठोठावण्यात घटका जाऊ नये.

आणि गाडी येईपर्यंत? १०८ ला कळवून छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहावे. ही विद्या घरातल्या प्रत्येकाने शिकून घ्यावी. मोठ्या रुग्णालयाचा उपयोग तेथवर जीव टिकला तरच; आणि तो टिकवणे प्रथम घरच्यांच्या हाती आहे.