पॉवर विंडो बंद पडली? मोटर मागवण्याआधी हे वाचा



पॉवर विंडोच्या व्हिडिओत मल्टीमीटर कुठे लावायचा ते तुम्ही पाहिलंत. पण व्हिडिओत हात दिसतात, डोक्यात काय चाललंय ते दिसत नाही. ते आज इथे लिहितोय. ऑटो इलेक्ट्रिकलचं दुकान टाकायचा विचार असेल, तर हे काम शिकून घ्याच. आणि धंदा दुसरा असला तरी शेवटचा हिशोब नक्की वाचा.

उदाहरणाला गाडी घेऊ मर्सिडीझ डब्ल्यू १२४. मर्सिडीझने भारतात १९९५ मध्ये पुण्यात, टेल्कोच्या कारखान्यात बनवायला घेतलेली पहिली गाडी हीच. म्हणजे त्या पहिल्या गाड्यांनी आता तिशी गाठली. मालकांचा जीव गाडीत अडकलेला असतो. पैसे द्यायला ते तयार असतात, पण फसायला तयार नसतात.

असा कस्टमर आल्या आल्या म्हणतो, "काच खाली जात नाही, मोटर गेली असणार. बदलून टाका." तुम्ही म्हणायचं, "साहेब, आधी तपासू, मग बोलू." कारण जुन्या गाडीत मोटरचा नंबर बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी लागतो.

आधी तीन प्रश्न

एक काच बंद आहे की सगळ्या? अचानक बंद पडली की महिनोन्‌महिने हळू होत गेली? बटण दाबल्यावर दरवाज्यातून आवाज येतो का? हे विचारायला एक पैसा लागत नाही आणि निम्मा शोध इथेच संपतो.

सगळ्या काचा बंद असतील तर

चार मोटरी एकाच दिवशी जात नाहीत. फ्यूज, रिले आणि अर्थ, याच क्रमाने बघा. डब्ल्यू १२४ मध्ये दोन्ही टोकांना निमुळते असे जुने युरोपियन पद्धतीचे फ्यूज असतात. त्यांची गंमत अशी, की पट्टी शाबूत दिसते, पण टोकांवर गंज धरलेला असतो आणि करंट पुढे जात नाही. म्हणून नुसतं बघून पास करू नका. इग्निशन ऑन करून टेस्ट लॅम्प फ्यूजच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपांना लावा. एकीकडे लागतो आणि दुसरीकडे नाही, म्हणजे चोर सापडला. फ्यूज काढा, क्लिप साफ करा, त्याच अँपिअरचा नवा बसवा. तांब्याचा मिळाला तर उत्तम. जास्त अँपिअरचा कधीही नाही. जुन्या वायरिंगला आग लागायला तेवढं पुरतं.

एकच काच बंद असेल तर

पहिला संशय स्विचवर. या गाडीत पुढच्या काचांचे स्विच गिअर लिव्हरजवळ असतात. भोवतीची पट्टी सांभाळून काढा, तीस वर्षांची पट्टी पटकन तडकते. मग डाव्या काचेचा स्विच उजवीकडे लावून बघा. बंद काच चालू झाली, तर दोष स्विचमध्ये. बहुतेक वेळा आतले कॉन्टॅक्ट काळे पडलेले असतात. काळजीने उघडून कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केले की काम होतं.

स्विच बरा निघाला, तर बिजागरीजवळच्या रबरी नळीकडे वळा. दरवाजा हजारो वेळा उघडतो आणि मिटतो, तिथली तार आतून तुटते, वरून मात्र धडधाकट दिसते. एकाला बटण दाबून धरायला सांगा आणि तुम्ही दरवाजा हळूहळू हलवा. काच मध्येच दचकली, की नळी मागे सरकवून तार तपासा. माझ्याकडे एक गाडी आली होती, दुसऱ्या गॅरेजने त्याच दरवाज्याची मोटर दोनदा बदललेली. दोष होता या नळीतल्या एका तारेत. मालकाला तो चार इंचांचा तुकडा हातात दिला, तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

आता मोटर

डोअर पॅड काढा. आतला प्लॅस्टिकचा पडदा फाडू नका. तो परत नीट चिकटवला नाही, तर पावसाळ्यात पाणी केबिनमध्ये येतं. मोटरच्या दोन तारांमध्ये मीटर लावा आणि बटण दाबून धरा. बॅटरीइतका व्होल्टेज येतोय आणि मोटर गप्प? मग दोष मोटरचा किंवा अडकलेल्या यंत्रणेचा. हलक्या हाताने मोटरवर टकटक करा. फिरली, तर ब्रश झिजलेत. मीटरवर आठ-नऊ व्होल्टच दिसतात? मग मोटरला दोष देऊ नका, मागे कुठेतरी व्होल्टेज पडतोय.

काच हळू चालत असेल, तर बाजूच्या रबरी चॅनेलकडे बघा. रबर कडक होतं, रेग्युलेटरचं ग्रीस सुकतं, मोटरवर ताण येतो. रबराला सिलिकॉन स्प्रे मारा, साधं ग्रीस नको. अनेक मोटरी तापल्या की स्वतःहून थांबतात आणि दहा मिनिटांनी चालू होतात. कस्टमर म्हणतो "कधी चालते, कधी नाही," तेव्हा हेही आठवा.

एक इशारा. रेग्युलेटरला स्प्रिंग असेल, तर काचेला आधार दिल्याशिवाय आणि रेग्युलेटर पक्का अडकवल्याशिवाय मोटर सोडवू नका. हात सुटला तर बोटं जातात.

आता धंद्याचं बोलू

समजा, तुमच्या दुकानाचं भाडं, पगार, वीज, हप्ते मिळून महिन्याला ६०,००० रुपये जातात. दिवस २५, रोज ६ तासांचं काम. म्हणजे १५० तास. ताशी ४०० रुपये मिळाले, तर फक्त खर्च निघतो. आता दीड तास शोधून तुम्ही स्विच साफ केलात आणि "साफ तर केलाय" म्हणून २०० रुपये घेतलेत. खर्च ६०० चा झाला. ४०० रुपये खिशातून गेले.

हे रोज झालं, की चांगला माणूससुद्धा मोटर विकायला लागतो, कारण मार्जिन मोटरमध्ये आहे. बेइमानी अशी दबक्या पावलांनी येते. तिला दारातच अडवायचं असेल, तर तपासणीची फी वेगळी लावा. काम सुरू करण्याआधी आकडा सांगा, जॉब कार्डवर लिहा, सही घ्या. फी ठरलेली असली, की "मोटर चांगली आहे" हे सांगताना तुमचं नुकसान होत नाही. आणि लक्षात ठेवा, इलेक्ट्रिकल पार्ट एकदा बसवला, की दुकानदार सहसा परत घेत नाही. चुकीच्या अंदाजाची किंमत कस्टमर भरतो, नाहीतर तुम्ही.

कोणी म्हणेल, "नुसतं बघायचे पैसे?" तर शांतपणे सांगा, "साहेब, बघण्याचे नाही, नको तो खर्च टाळण्याचे." काहीजण निघून जातील. जाऊ द्या. राहतील ते दुसरी गाडीही तुमच्याकडेच आणतील.

या आठवड्याचं काम: स्वतःच्या दुकानाचा एका तासाचा खर्च काढा आणि कागदावर लिहून गल्ल्यावर चिकटवा. दुकान अजून सुरू व्हायचं असेल, तर अंदाजाने काढा. कुठलंही काम फुकट करण्याआधी त्या आकड्याकडे एकदा बघा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!