राज्यसभेचा निकाल : 'निवडून आले', पण कोणी निवडले?

'अमुक उमेदवार निवडून आले' या वाक्यात निवडणारा कोण, हे सांगितलेले नसते. 'निवडून येणे' ही क्रिया अकर्मक असल्यामुळे मतदाराचा उल्लेख न करताही वाक्य पूर्ण होते. लोकसभेच्या बाबतीत ही उणीव जाणवत नाही, कारण मतदार आपणच असतो. राज्यसभेचा निकाल वाचताना मात्र हा कर्ता शोधावा लागतो.

लातूरचे उदाहरण घेऊ. २००४ मध्ये शिवराज पाटील चाकूरकर लातूर मतदारसंघातून लोकसभेला पराभूत झाले आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेले. पहिला निर्णय जनतेचा होता, दुसरा विधानसभेच्या निर्वाचित सदस्यांचा.

आमदारांचे मतदान पसंतीक्रमाने होते. १० जून २०२२ रोजी महाराष्ट्रात सहा जागांसाठी सात उमेदवार होते व २८४ मते वैध ठरली. प्रत्येक मताचे मूल्य १०० धरतात. एकूण मूल्य २८,४०० यास जागांपेक्षा एकाने अधिक, म्हणजे ७ ने भागून, अपूर्णांक सोडून, त्यात १ मिळवला असता ४,०५८ हा विजयाचा कोटा येतो. पहिल्या पसंतीची मते शिवसेनेचे संजय पवार यांना ३३, तर भाजपचे धनंजय महाडिक यांना २७ होती. तरीही महाडिक विजयी झाले. पीयूष गोयल व अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मते मिळाली होती. कोट्याहून अधिक असलेले त्यांचे मूल्य दुसऱ्या पसंतीनुसार महाडिक यांच्याकडे वळले. म्हणजेच 'मते' आणि 'पहिल्या पसंतीची मते' हे शब्द समानार्थी नाहीत.

आता नांदेड पाहू. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेडचे अशोक चव्हाण व डॉ. अजित गोपछडे हे दोघेही राज्यसभेवर गेले. सहा जागांसाठी सहाच उमेदवार उरल्याने २० फेब्रुवारीला निवड बिनविरोध जाहीर झाली. मतदान झालेच नाही. येथे 'निवड' प्रत्यक्षात पक्षांनी उमेदवारी दिली, तेव्हाच झाली होती. अशा रीतीने एकाच क्रियापदामागील कर्ता जनतेकडून आमदारांकडे आणि आमदारांकडून पक्षांकडे सरकतो.

मात्र या साखळीचा पहिला दुवा आपणच असतो. विधानसभेला दिलेल्या आपल्या मतावर राज्यसभेतील संख्याबळही अवलंबून असते.

स्वाध्याय : 'बिनविरोध निवडून आले' या वाक्यातील अध्याहृत कर्ता कोणता, ते आपल्या शब्दांत स्पष्ट करा.