नावाचा निर्देश : युनिक्समधील प्रतीकात्मक दुवे

ग्रंथालयाच्या सूचीत कधी कधी असे एक पत्र आढळते की, ज्यावर ग्रंथाचा दाखल क्रमांक नसतो. केवळ ‘अमुक नावाखाली पाहा’ एवढीच सूचना असते. युनिक्स व लिनक्स या संगणक-प्रणालींतील प्रतीकात्मक दुवा याच जातीचा होय.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन टॉम्सन व डेनिस रिची यांनी युनिक्सची उभारणी आरंभिली. या प्रणालीत फाइलीची खरी ओळख म्हणजे तिचा क्रमांक. निर्देशिका ही नावे व क्रमांक यांच्या जोड्यांची यादी असते. साहजिकच एका क्रमांकास दोन नावे देता येतात. यास दृढ दुवा म्हणावे. एक नाव पुसले तरी दुसऱ्याने फाइल सापडते. त्यांतले मूळ कोणते, हा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु क्रमांकाला अर्थ त्याच्या साठवणविभागापुरताच. दुसऱ्या तबकडीवरील फाइलीस असा दुवा जोडता येत नाही.

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९८३ मध्ये प्रसृत केलेल्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत प्रतीकात्मक दुवा आला. ही एक चिमुकली फाइल असून तिच्यात केवळ दुसऱ्या फाइलीचा मार्ग लिहिलेला असतो. ‘एलएन -एस’ या आज्ञेपुढे प्रथम लक्ष्य व नंतर दुव्याचे नाव लिहावे. हा क्रम पुष्कळांकडून उलटा होतो! लक्ष्य अस्तित्वात आहे की नाही, याची चौकशी प्रणाली करीत नाही. शिवाय सापेक्ष मार्ग दुवा ज्या निर्देशिकेत असेल तेथून मोजला जातो, आज्ञा देणारा जेथे असेल तेथून नव्हे. दोन दुवे परस्परांकडेच बोट दाखवू लागले, तर लिनक्स चाळीस दुव्यांनंतर शोध थांबवून चूक कळविते.

दुवा पुसल्याने मूळ फाइलीस धक्का लागत नाही. मूळ फाइल गेली, तर मात्र दुवा लोंबकळत राहतो.

खरा धोका संरक्षक प्रती घेताना संभवतो. समजा, शाळेचे निकालपत्रक मोठ्या तबकडीवर आहे व कार्यालयाच्या निर्देशिकेत त्याचा दुवा आहे. प्रती घेण्याच्या कित्येक पद्धती दुव्याची दुवा म्हणूनच नक्कल करतात. तबकडी निकामी झाली, की जपून ठेवलेल्या प्रतीत निकाल नसून निव्वळ एक पत्ता निघतो. ‘एलएस -एल’ ही आज्ञा दुव्यापुढे बाण काढून लक्ष्य दाखविते. तथापि लक्ष्य जागेवर आहे, याची ती ग्वाही नव्हे. यास्तव घेतलेली प्रत दुसऱ्या यंत्रावर, मूळ तबकडी जोडलेली नसताना, उघडून पाहावी.