चंद्रपूरचा परकोट : हिवाळी भेटीसाठी

नगर : इरई आणि झरपट या नद्यांच्या संगमाजवळचे चंद्रपूर, म्हणजे जुने चांदा, ही गोंड राजांची राजधानी असून खांडक्या बल्लाळशहाने तिचा पाया घातल्याचे परंपरा सांगते. १७५१ मध्ये ती नागपूरकर भोसल्यांकडे गेली आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी जिंकली.

परकोट : संपूर्ण वस्तीला वेढणाऱ्या या दगडी तटबंदीला जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा या चार वेशी आणि पाच खिडक्या, म्हणजे तटातील लहान दरवाजे आहेत. वेशींवर कोरलेला, हत्तीवर मात करणारा सिंह हे गोंड राजचिन्ह असल्याने ते थांबून पाहावे.

समाधिस्थळ : अंचलेश्वर मंदिराजवळच्या राजसमाधींत राणी हिराईने पती बीरशहासाठी उभारलेली समाधी सर्वांत देखणी आहे.

हंगाम : उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जात असल्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा ठरतो.

पुढे : २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी, मार्कंडा येथील शिल्पसमृद्ध शिवमंदिरांचा समूह असून तेथे महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते.