टॅग लागला की हात लावायचा नाही

ऑक्टोबर २०२५च्या अखेरीस शहराच्या रेल्वे स्थानकाचं नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झालं आणि त्याचा संकेतही बदलला. ‘एडब्ल्यूबी’ गेला, ‘सीपीएसएन’ आला. स्थानक मात्र जिथे होतं तिथेच आहे. फलाट तेच, मनमाडकडे आणि जालन्याकडे जाणारे रूळही तेच. नाव बदललं, वस्तू तीच राहिली. जे काही झालं ते जाहीर सूचना काढून, सगळ्यांच्या देखत झालं.

त्याच आठवड्यात सॉफ्टवेअरच्या जगात याच्या नेमक्या उलट प्रकारावर एक कुलूप बसवलं गेलं. तो उलट प्रकार म्हणजे नाव तेच ठेवायचं आणि आतली वस्तू गुपचूप बदलायची. कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळाने २८ ऑक्टोबरला ‘इम्युटेबल रिलीज’ ही सोय सर्वांसाठी खुली केली. प्रकल्पाच्या मालकाने ती चालू केली, की त्यानंतर प्रसिद्ध होणाऱ्या आवृत्तीचा टॅग कोणालाच हलवता येत नाही आणि तिला जोडलेल्या फायलीही बदलता येत नाहीत. मालकालाही नाही. स्थानकाच्या बातमीची शहरभर चर्चा झाली, या दुसऱ्या बातमीची फारशी झाली नाही. पण वाळूज, शेंद्रा आणि बिडकीन या तीन औद्योगिक क्षेत्रांच्या भरवशावर जगणाऱ्या शहराने तिच्याकडे लक्ष द्यायला हवं.

कोडमधले बदल नोंदवणारं गिट वापरणाऱ्यांना हे नवं नाही: प्रत्येक कमिटला, म्हणजे नोंदवलेल्या प्रत्येक बदलाला, तिच्या आशयावरूनच काढलेला ४० अक्षरी क्रमांक मिळतो. एक स्वल्पविराम बदलला तरी क्रमांक बदलतो. हीच त्या कमिटची खरी ओळख. पण असा क्रमांक माणसाच्या लक्षात राहत नाही, म्हणून त्यावर ‘व्ही १.४.०’ अशी पाटी लावायची. ही पाटी म्हणजे टॅग. टॅगचे प्रकार दोन. हलका टॅग म्हणजे नुसतं नाव. दुसरा, ज्याला ‘अ‍ॅनोटेटेड’ म्हणतात, तो स्वतःच एक नोंद असतो. कोणी लावला, कधी लावला, का लावला हे त्यात येतं आणि हवी तर डिजिटल सहीही येते. रिलीजसाठी दुसराच प्रकार वापरावा. ‘गिट डिस्क्राइब’ ही आज्ञादेखील, वेगळं सांगितल्याशिवाय, हलक्या टॅगला मोजत नाही. शिवाय साध्या ‘पुश’बरोबर टॅग सर्व्हरवर जात नाहीत, ते मुद्दाम पाठवावे लागतात. नवशिक्यांचं पहिलं रिलीज अडतं ते बहुधा इथेच.

पाटी लावली आणि मग चूक लक्षात आली, तर? गिटच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत यासाठी स्वतंत्र भाग आहे आणि त्यातला सल्ला रोखठोक आहे. टॅग अजून कोणापर्यंत पोचला नसेल तर खुशाल बदला. एकदा का तो दुसऱ्या कोणी पाहिला, की चूक झाली हे मान्य करा आणि नवा क्रमांक काढा. त्याच नावाचा टॅग दुसरीकडे नेला, तर दोन माणसांकडे एकाच नावाच्या दोन वेगळ्या वस्तू राहतात आणि दोघांनाही आपलीच खरी वाटते.

सल्ला जुना आहे, पण तो पाळायचा की नाही हे इतकी वर्षं मालकाच्या मर्जीवर होतं. मार्च २०२५मध्ये त्याची किंमत कळली. ‘टीजे-अ‍ॅक्शन्स’ या नावाने चालणारं एक छोटं स्वयंचलित साधन २३ हजारांहून अधिक प्रकल्पांत वापरलं जात होतं. हल्लेखोराने त्याचा ताबा मिळवला, पण नवी आवृत्ती काढली नाही. जुन्या आवृत्त्यांचे टॅग उचलले आणि एका घातक कमिटवर नेऊन ठेवले. वापरणाऱ्यांच्या फायलीत एक अक्षरही बदललं नव्हतं, तरी त्यांच्या गुप्त किल्ल्या लॉगमध्ये उघड्या पडू लागल्या. ज्यांनी टॅगऐवजी जुन्या कमिटचा ४० अक्षरी क्रमांक लिहून ठेवला होता, त्यांना या हलवाहलवीची झळ लागली नाही. गिटहबचं नवं कुलूप हे दार बंद करतं, म्हणून ते स्वागतार्ह आहे. मात्र ते अजून ऐच्छिक आहे. नव्या प्रकल्पांसाठी ते आपोआप चालू असायला हवं होतं.

पण कुलपाने सगळं सुटत नाही. त्यासाठी आंद्रेस फ्रॉइंड या माणसाची गोष्ट सविस्तर सांगायला हवी.

फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करतात आणि पोस्टग्रेस या मुक्तस्रोत डेटाबेसचे जुने विकसक आहेत. मार्च २०२४मध्ये ते पोस्टग्रेसच्या वेगाची बारीक मोजमापं घेत होते. मोजणीत गडबड होऊ नये म्हणून संगणकावरचं बाकी काम शांत करताना त्यांना दिसलं, की एसएसएचने लॉगइन करायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो आहे आणि प्रोसेसरवर भारही जास्त येतो आहे. एखाद्याने नेटवर्कला दोष देऊन विषय सोडला असता. फ्रॉइंड धागा ओढत गेले आणि ‘एक्सझेड’ या फायली आकसून ठेवणाऱ्या साधनापर्यंत पोचले. २९ मार्चला त्यांनी जाहीर केलं: एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या दोन रिलीजमध्ये चोरदरवाजा आहे. तो सगळीकडे पोचला असता, तर जगभरातल्या असंख्य लिनक्स सर्व्हरची दारं एका अनोळखी माणसाला उघडी झाली असती.

रिलीज कसं काढावं या प्रश्नासाठी यातला सर्वांत महत्त्वाचा तपशील पुढे आहे. घातक माल चाचणीच्या फायलींच्या वेषात रिपॉझिटरीत दडवलेला होता, पण तो बाहेर काढून कार्यान्वित करणारी स्क्रिप्ट रिपॉझिटरीत नव्हतीच. ती फक्त रिलीजसोबत दिलेल्या टारबॉलमध्ये, म्हणजे कोडच्या बांधलेल्या गठ्ठ्यात, होती. म्हणजे टॅगवरचा कोड वाचणाऱ्याला एक गोष्ट दिसत होती आणि टारबॉल उतरवून घेणाऱ्याच्या हाती दुसरीच पडत होती. सी भाषेतल्या जुन्या पद्धतीच्या प्रकल्पांत टारबॉलमध्ये काही यंत्रनिर्मित फायली जादा असतातच, त्यामुळे हा फरक कोणाला खटकला नाही. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या ज्या व्यक्तीने हे केलं, ती काही वर्षं चांगलं काम करून प्रकल्पाची सहसांभाळकर्ती झाली होती आणि ती रिलीजवर स्वतःची सहीही करत होती. सही अस्सल होती. माल खोटा होता.

इम्युटेबल रिलीजची सोय त्या दिवशी असती, तरी तिने चोरदरवाजासकट टारबॉलला कुलूप लावलं असतं. म्हणून टॅग हलू न देणं हे निम्मं काम आहे. उरलेलं निम्मं म्हणजे बाहेर जाणारी प्रत्येक फाइल त्या टॅगपासूनच, सर्वांना दिसेल अशा यंत्रावर तयार झाली पाहिजे आणि दुसऱ्या कोणी त्याच टॅगपासून ती पुन्हा तयार केली तर तंतोतंत तीच निघाली पाहिजे. कोणाच्या तरी लॅपटॉपवर रात्री उशिरा बांधून चढवलेली फाइल आता विश्वासाला पात्र राहिलेली नाही, तो लॅपटॉप कितीही प्रामाणिक माणसाचा असला तरी.

फ्रॉइंड ज्या पोस्टग्रेसचे, त्या पोस्टग्रेसमध्ये महाराष्ट्राचाही वाटा आहे आणि रिलीजची शिस्त शिकायला त्याच्याइतका चांगला नमुना नाही. त्याच्या रिलीज नोट्समध्ये प्रत्येक सुधारणेपुढे कंसात ती करणाऱ्याचं नाव छापतात. फेब्रुवारी २००८मध्ये आलेल्या ८.३ या आवृत्तीच्या नोट्समध्ये ‘हॉट’ या तंत्रापुढे पुण्यातले पवन देवळासी यांचं नाव आहे. एखादी नोंद वारंवार बदलत राहिली, की जुन्या प्रतींचा कचरा साचतो आणि इंडेक्स फुगत जातो. हा भार या तंत्राने मोठ्या प्रमाणात हलका केला. आजही जगभर ते रोज वापरलं जातं.

त्याच देवळासींच्या दुसऱ्या कामाची गोष्ट अधिक शिकवणारी आहे. ‘मर्ज’ ही आज्ञा पोस्टग्रेसमध्ये यावी म्हणून सायमन रिग्ज या विकसकासह त्यांनी बराच काळ काम केलं होतं. एप्रिल २०१८मध्ये, ११व्या आवृत्तीची दारं बंद होता होता, ती मुख्य शाखेत आली. इतर अनुभवी विकसकांनी तिच्या रचनेवर गंभीर आक्षेप घेतले आणि काही दिवसांतच ती मागे घेतली गेली. ११वी आवृत्ती त्या ऑक्टोबरमध्ये ‘मर्ज’शिवाय बाहेर पडली. आज्ञा अखेर आली ती १५व्या आवृत्तीत, १३ ऑक्टोबर २०२२ रोजी. नोट्समध्ये देवळासींचं नाव होतं. मधली चार वर्षं कोणाला वाया गेली असं वाटेल, पण जे तयार नाही ते रिलीजमध्ये जात नाही, एवढं ठामपणे सांगू शकणारा प्रकल्पच लोकांच्या बँकेचे हिशेब सांभाळायच्या लायकीचा असतो. काढून घेतल्याची नोंदही गिटच्या इतिहासात तशीच आहे, कोणी ती खोडली नाही.

तिथली चाकोरी ठरलेली आहे. मोठी आवृत्ती वर्षातून एकदा. किरकोळ दुरुस्त्या फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी. टारबॉल सोमवारी तयार होतो आणि वेगवेगळ्या लिनक्ससाठी पॅकेज बांधणाऱ्यांना आधी तपासायला मिळतो. एवढं करूनही १४ नोव्हेंबर २०२४ला आलेली १७.१ ही आवृत्ती घसरली. एका अंतर्गत रचनेचा आकार बदलल्यामुळे तिच्यावर बेतलेली काही विस्तार-साधनं मोडण्याचा धोका निर्माण झाला. मग काय केलं? १७.१च्या टॅगला कोणी हात लावला नाही. आठवड्याभरात, २१ नोव्हेंबरला, १७.२ काढली आणि कारण नोट्समध्ये लिहिलं.

हे सगळं परक्या मुलखातलं वाटत असेल, तर वाळूजकडे पाहावं. एंड्रेस हाउजर या कंपनीचे इथले कारखाने प्रवाह, तापमान, पातळी आणि दाब मोजणारी उपकरणं बनवतात. या कंपनीच्या माहितीपुस्तिकांवर फर्मवेअरची आवृत्ती ‘०१.०१.झेडझेड’ अशी छापलेली असते. पहिली जोडी बदलली तर उपकरण आधीच्याशी जुळणारं राहिलं नाही. दुसरी बदलली तर नवी सोय आली, जुनं चालूच राहील, पुस्तिका मात्र नवी घ्या. तिसरी जोडी फक्त दोष दुरुस्तीची, तिने पुस्तिका बदलत नाही, म्हणून तिच्या जागी आकडा न छापता ‘झेडझेड’ छापतात. गिटहबचे सहसंस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी मांडलेलं ‘सिमँटिक व्हर्जनिंग’ जवळपास हेच सांगतं. तीन आकडे, आणि कोणता कधी वाढवायचा याचा करार. कारखान्यात पाइपला मीटर बसवणाऱ्या तंत्रज्ञाला आणि मोबाइल अ‍ॅप लिहिणाऱ्या मुलीला एकच शिस्त लागते. तंत्रज्ञाला ती चुकवण्याची मुभा नसते, कारण औषध कारखान्याच्या तपासणीत उपकरणावरची आवृत्ती आणि कागदावरची आवृत्ती जुळावी लागते.

बिडकीनमध्ये हा प्रश्न आणखी थेट येणार आहे. एथर एनर्जीने तिथे ऑरिक या औद्योगिक नगरीत विद्युत स्कूटरचा कारखाना २०२४मध्ये जाहीर केला. या स्कूटरचं सॉफ्टवेअर ती विकल्यानंतरही हवेतून बदलत राहतं. म्हणजे वाहन शोरूममधून बाहेर पडलं की काम संपलं, ही वाळूजची १९८५पासूनची सवय, बजाजचा कारखाना सुरू झाल्यापासूनची, आता पुरणार नाही. बदल आधी थोड्या गाड्यांवर, मग टप्प्याटप्प्याने सगळीकडे, असं जावं लागतं. तसं न केल्याने काय होतं ते १९ जुलै २०२४ला दिसलं. क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीची एक फाइल एका दमात सगळीकडे गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले, भारतात काही विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले. ती फाइल नव्या आवृत्तीचा भाग नव्हती, ‘फक्त माहितीतला बदल’ होता, म्हणून तिला आवृत्तीइतकी कडक चाळण लागली नाही. ग्राहकापर्यंत जे जातं ते सगळं रिलीजच, असं धरून चालायला हवं.

आणि रिलीज नोट्स माणसाने माणसासाठी लिहाव्यात. गिटहब आता बदलांच्या शीर्षकांची यादी आपोआप करून देतं, ती सोयीची आहे, पण तिने वाचणाऱ्याला काय कळतं? काय बदललं, कोणाला त्रास होऊ शकतो, आधी काय करून ठेवावं, या तीन प्रश्नांची उत्तरं यादीत नसतात. पैठणच्या शेतकऱ्याने घेतलेल्या स्कूटरमध्ये ब्रेकच्या वागण्यात फरक पडणार असेल, तर ते त्याला मराठीत वाचायला मिळणं हा त्याचा हक्क आहे. इथे कारखाने उभारणाऱ्या कंपन्यांकडे ही मागणी आत्ताच करायला हवी.

सुरुवात महाविद्यालयांतून होऊ शकते आणि त्याला पैसा लागत नाही. शासकीय अभियांत्रिकी, एमजीएमचं जेएनईसी, विद्यापीठाच्या आवारातलं नायलिट, सगळीकडे दरवर्षी अंतिम वर्षाचे सॉफ्टवेअर प्रकल्प होतात. प्राध्यापकांनी झिप फाइल स्वीकारू नये. सही केलेला टॅग मागावा, त्या टॅगपासून प्रकल्प स्वतःच्या संगणकावर बांधून पाहावा आणि रिलीज नोट्सला वेगळे गुण द्यावेत. परीक्षेच्या आदल्या रात्री चूक सापडली, तर विद्यार्थ्याने जुना टॅग पुसू नये. १.०.१ काढावी आणि काय चुकलं होतं ते नोट्समध्ये लिहावं. त्या ओळीलाही गुण द्यावेत.