भीमेकाठचं पेडगाव

कळूनही न कळल्याचं सोंग घेणाऱ्याला मराठी माणूस वेड पांघरून पेडगावला पाठवतो. हे पेडगाव कुठे, असं विचारलं तर मात्र सांगणाऱ्याची पंचाईत होते. ते आहे श्रीगोंदा तालुक्यात, भीमेच्या उत्तर काठावर. नदी ओलांडली की दौंड तालुका, म्हणजे पुणे जिल्हा. गावाला खेटून भुईकोट किल्ला आहे आणि त्याच्या तटाच्या आत किल्ल्यापेक्षा आणि त्या म्हणीपेक्षाही जुनी देवळं उभी आहेत.

किल्ल्याला नाव दिलं ते बहादूरखान कोकलताश याच्यावरून. हा औरंगजेबाचा दूधभाऊ. १६७२ नंतर दख्खनचा कारभार हाती आल्यावर त्याने आपली छावणी इथे रोवली आणि तिचा बहादुरगड झाला. जागा विचार करूनच निवडलेली दिसते. सपाट मुलूख, घोड्यांना चारा, हत्ती-उंटांना बारमाही पाणी, आणि पुण्याकडून येणाऱ्या मराठी फौजांच्या वाटेवरचं ठाणं. छावणी वर्षानुवर्षं राहिली, तिचं शहर झालं.

या शहराची सर्वांत मोठी फजिती झाली जुलै १६७४ मध्ये. शिवाजी महाराजांच्या रायगडावरच्या राज्याभिषेकाला जेमतेम महिना उलटला होता आणि खजिना रिकामा झाला होता. सुमारे दोन हजार मराठी स्वार पेडगावच्या आसपास धुमाकूळ घालू लागले. खान फौज घेऊन त्यांच्या मागे लागला. स्वारांनी त्याला हुलकावण्या देत छावणीपासून पंचवीसेक कोस लांब नेलं आणि तेवढ्यात सात हजारांची दुसरी तुकडी वेगळ्या वाटेने रिकाम्या छावणीवर उतरली. एक कोटीची लूट आणि बादशहाला नजर करण्यासाठी जमवलेले दोनशे उमदे घोडे गेले. तंबूंना आग लागली ती वेगळीच. इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रांतही ही हकिगत पोचली. म्हणीचं मूळ याच प्रसंगात आहे असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्याकडे पुरावा मागू नये. गोष्ट इतकी झकास आहे की मागावासाही वाटत नाही.

पुढची आठवण मात्र हसण्याची नाही. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरला पकडलेल्या संभाजी महाराजांना आणि कवी कलशांना मोगल सरदार मुकर्रबखानाने याच किल्ल्यात बादशहासमोर आणलं. विदूषकाचे कपडे, डोक्यावर घुंगरांची टोपी, उंटावरून धिंड. हा तपशील मोगली तवारिखांतूनच आला आहे. महाराजांनी मान तुकवली नाही. ११ मार्चला भीमेच्याच काठावर, वरच्या अंगाला, त्यांची हत्या झाली. आज गड पाहायला येणारी बहुतेक माणसं या महिन्यासाठी येतात आणि किल्ल्याला ‘धर्मवीरगड’ म्हणतात. या भागाला नावं बदलण्याची सवय जुनी आहे. तालुक्याचं गाव श्रीगोंदा पूर्वी चांभारगोंदे होतं, आणि अहमदनगर जिल्ह्याचं नाव तर अलीकडेच अहिल्यानगर झालं.

पण इतिहासाच्या एका महिन्यासाठी आलेला माणूस बाकीच्या काही शतकांकडे पाठ करून परत जातो, ही इथली खरी हळहळ.

वेशीतून आत गेलं की भैरवनाथाचं देऊळ लागतं. हे ग्रामदैवत. देवळाच्या परिसरात वीरगळ आणि सतीशिळा मांडून ठेवल्या आहेत. वीरगळ वाचायचा असतो खालून वर. सगळ्यात खालच्या पट्टीत लढाई किंवा गाई पळवणाऱ्यांशी झुंज. तिथे वीर पडतो. त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेतात, आणि माथ्याशी तो शिवलिंगापुढे हात जोडून बसतो. सतीशिळेवर बहुधा कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात. इंग्लंडातल्या खेड्याचा जुना इतिहास शोधणारा चर्चची नोंदवही उघडतो. १५३८ पासून तिथे बारसं, लग्न, दफन नावानिशी लिहून ठेवायचा हुकूम होता. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर नावच नाही. त्या काळी गावात सगळ्यांना माहीत असलेलं नाव दगडावर कोरायचं कशाला, असंच कुणाला वाटलं असणार.

आतल्या देवळांत मल्लिकार्जुन, रामेश्वर, लक्ष्मीनारायण आणि बाळेश्वर ही मुख्य. ती यादवकाळातली मानली जातात, म्हणजे बहादूरखानाच्या चार-पाचशे वर्षं आधीची. सगळ्यांना सरसकट हेमाडपंती म्हणायची आपली पद्धत आहे, जणू यादवांच्या एका प्रधानाने महाराष्ट्रभर हिंडून देवळं उठवली. चुना न वापरता घडीव दगड एकमेकांत गुंतवून बसवायचे, हे त्या बांधणीचं वर्म. लक्ष्मीनारायणाचं देऊळ त्यात सर्वांत देखणं. बाहेरच्या भिंतींवर देवता आणि सुरसुंदरी आहेत. अनेकींचे चेहरे आणि हात फुटले आहेत, तरी कमरेचा बाक आणि दागिन्यांची नक्षी शाबूत आहे. आतले खांब त्या काळच्या ठराविक घडणीचे: बुडाशी चौकोन, मग अष्टकोन, मग गोल, आणि डोक्यावर छताचा भार पेलणारे पोटसुटे कीचक. बाळेश्वराचं शिखर गेलं आहे. उरलेल्या खांबांवरचं काम मात्र सावकाश बघण्याजोगं.

मोगलांनी जे बांधलं त्यात आज सर्वांत बोलकी आहे ती हत्तीमोट. किल्ला नदीकाठी असला तरी पाणी तटाच्या कितीतरी खाली. शेतातल्या विहिरीवर बैल धावेवरून उतरतात, नाडा ताणला जातो, कातडी मोट वर येते आणि सोंदूर ओढली की थारोळ्यात पाणी सांडतं. तेच तंत्र इथे उंच दगडी बुरुजावर चढवलं आहे आणि बैलांच्या जागी हत्ती जुंपत, असं नावच सांगतं. वर काढलेलं पाणी पाटांतून आणि खापरी नळांतून किल्ल्यात खेळवलं जाई. निजामशाही काळापासून नगर शहराला खापरी नळांनीच पाणी येत असे, त्यामुळे या मुलखाला हे काम नवं नव्हतं. छावणीत हजारो माणसं आणि जनावरं असताना तोफखान्याइतकीच महत्त्वाची जागा हीच असणार. नदीच्या अंगाला पडक्या महालाच्या भिंती आहेत. त्यांच्या खिडक्यांतून भीमेचं पात्र लांबवर दिसतं.

पुढे पेडगाव पेशव्यांकडे गेलं. फौजा हलल्या तसा बाजारही हलला आणि छावणीचं शहर पुन्हा खेडं झालं. तटाच्या आत काटेरी झुडपं माजली. अलीकडे दुर्गप्रेमी तरुण अधूनमधून श्रमदानाला येतात, झुडपं काढतात, वाटा मोकळ्या करतात.

पेडगावपासून थोडं खाली, भीमेच्या याच काठावर सिद्धटेक आहे. तिथल्या सिद्धिविनायकाचा गाभारा अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला. अष्टविनायकाच्या गाड्या वर्षभर तिथे येतात, तासाभराचं दर्शन आटोपून पुढच्या गणपतीकडे निघतात. ड्रायव्हरला गाडी पेडगावकडे घ्यायला सांगणारा एखादाच निघतो. त्याने सोबत बॅटरी ठेवावी, कारण देवळांच्या मंडपात भर दुपारीही छतावरचं कोरीवकाम नीट दिसत नाही.