ॲपमधली चित्रं जागच्या जागी

हिंजवडी मुळशी तालुक्यात येते. तिथल्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये दूरदेशच्या ग्राहकांसाठी सॉफ्टवेअर लिहिलं जातं आणि त्याच तालुक्यात, पौडच्या पुढे, भातखाचराच्या बांधावर शेतकरीही हातात फोन घेऊन उभा असतो. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली आणि पिकाची नोंद ॲपवरून करणं त्याच्याकडे आलं. घाईत असलेल्या माणसाला ॲपमध्ये आधी दिसतात ती चित्रं: कॅमेरा, नकाशावरची खूण, मागे जाण्याचा बाण. ती ॲपच्या प्रकल्पात कुठे आणि कोणत्या नावाने ठेवायची, हा प्रश्न वरवर टापटिपीचा वाटतो. खरं तर तो जबाबदारीचा आहे, कारण इथे पसारा घालतो एक आणि भोगतो दुसराच.

अँड्रॉइडच्या प्रकल्पात चित्रांसाठी ‘ड्रॉएबल’ नावाचे फोल्डर असतात. स्क्रीनवर एका इंचात किती ठिपके मावतात, त्यावरून ते वेगळे केलेले असतात. १६० हा पाया, पुढे २४०, ३२०, ४८० आणि ६४०. फोन आपल्याला साजेसा फोल्डर स्वतः निवडतो. आता ४०० बाय ४०० पिक्सेलचं एक चित्र कुणी घाईत पायाच्या फोल्डरमध्ये टाकलं, असं समजा. ४८०च्या स्क्रीनवर फोन ते लांबीला तिप्पट आणि रुंदीला तिप्पट ताणतो. एका पिक्सेलला ४ बाइट धरले, तर जे चित्र मेमरीत ६४० केबीत मावलं असतं, ते ५,७६० केबी खातं, म्हणजे नऊपट. शिवाय ताणल्यामुळे ते धूसर दिसतं ते वेगळंच. भाषेचंही तसंच आहे. चित्रातच अक्षरं कोरलेली असतील आणि मराठीसाठीच्या फोल्डरमध्ये त्याची प्रत नसेल, तर मराठीत लावलेल्या फोनवरही मूळ इंग्रजी चित्रच झळकतं. या दोन्ही चुकांत ॲप तयार होताना कुठेही अडत नाही.

नावांचं महत्त्व याहून कमी नाही. ड्रॉएबलच्या आत आणखी उपफोल्डर करता येत नाहीत, त्यामुळे शेकडो फाइली एका रांगेत येतात आणि वर्गवारीचं काम नावालाच करावं लागतं. ‘आयसी_कॅमेरा’ म्हटलं की आयकॉन, ‘बीजी_लॉगिन’ म्हटलं की पार्श्वभूमी, हे नव्या माणसालाही कळतं. ‘न्यू_फायनल_२’ वरून काहीच कळत नाही. मग तो जुनं शोधण्याऐवजी तेच चित्र नव्या नावाने पुन्हा टाकतो आणि ॲप फुगत जातं. नाव रंगावरूनही देऊ नये. ‘हिरवं_बटण’ उद्या निळं झालं, की नाव खोटं पडतं.

यावर म्हटलं जाईल, की हे जुनं दुखणं झालं. २०१४ च्या अँड्रॉइड ५.० पासून व्हेक्टर चित्रं, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा-आकारांच्या वर्णनातून रेखाटली जाणारी चित्रं आली, एकच फाइल सगळ्या स्क्रीनवर चालते. ॲप बंडल या प्रकाशनाच्या पद्धतीमुळे फोनला लागतील तेवढीच चित्रं उतरतात आणि न वापरलेली चित्रं तपासणीची साधनंच शोधून काढतात. यात तथ्य आहे, आणि साध्या आयकॉनसाठी व्हेक्टरच वापरावं. पण पिकाचा फोटो व्हेक्टरमध्ये बसत नाही आणि गुंतागुंतीचं मोठं व्हेक्टर पहिल्यांदा रेखाटायलाच वेळ घेतं. एकाच अर्थाचे थोडे वेगळे दोन बाण दोन नावांनी वापरात असतील, तर साधनाच्या लेखी दोन्ही कामाचेच. तो निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. लहान टीमला वेळ नसतो, हेही खरं. पण नावांचे नियम एका पानात मावतात आणि सहाशे फाइली जमल्यावर निस्तरण्यापेक्षा पहिल्या दिवशी ते लिहिणं स्वस्त पडतं.

म्हणून ॲप बनवणाऱ्या प्रत्येकाने पहिलं चित्र टाकण्याआधी तीन गोष्टी ठरवाव्यात: नाव कसं द्यायचं, कोणत्या आकारांत ठेवायचं आणि चित्रात अक्षरं न घालता ती मजकुरात कशी ठेवायची. आणि सुपूर्द करण्याआधी ते ॲप एकदा स्वस्त फोनवर, मराठी भाषा लावून, उघडून पाहावं.